माजघरातला पाहुणा

चोरापेक्षा मला गोडबोल्या पाहुण्याची धास्ती अधिक वाटते. चोर रात्री येतो नि पहाटेआधी जातो; हा पाहुणा मात्र माजघरात पथारी टाकतो आणि चार दिवसांत चूल कुठे मांडावी हेही आपल्यालाच सांगू लागतो! कुष्ठरोगाचा जंतू असाच पाहुणा. नॉर्वेच्या हॅन्सेनने त्याला १८७३ साली हेरले.

विजेच्या तारेवर रबर असते ना, तशा काही पेशी मज्जातंतूंना लपेटून असतात. त्यांच्या आत हा बिऱ्हाड करतो. त्याच्या जनुकसंचाचा निम्म्याहून कमी भाग कामाचा उरला आहे, हे २००१ साली कळले. तेव्हा सारा संसार यजमानाच्या जिवावर! घाईही नाही, एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली उंदरांच्या पेशींवर प्रयोग करून आणखी नवल दाखवले. हा जंतू पेशीला तिचे शिकलेले कामच विसरायला लावतो. ती पुन्हा कोवळी, काहीही होऊ शकणारी बनते, आणि पुढे स्नायूंत जाऊन मिसळते ती या पाहुण्याला पोटात घेऊनच. आम्हां मास्तरांना हे विशेष झोंबते.

एवढे होऊनही दुखत काहीच नाही. गेल्या दिवाळीत रामटेकला आमच्या आळीतल्या एका सुनेने चकलीची तापलेली कढई फडक्यावाचून उतरवली. “चटका लागलाच नाही जी, गुरुजी!” ती हसत म्हणाली. तिच्या मनगटावर फिकट चट्टा दिसला. मी सासूबाईंना दवाखान्याचे सुचवले, तर त्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. त्यांचे तरी काय चुकले? या रोगापायी माणसे घराबाहेर काढली जात, म्हणून तर बाबा आमट्यांना १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन वसवावे लागले.

नवव्या दिवशी मात्र सासूच सुनेला घेऊन गेली. गोळ्या फुकट मिळाल्या. नियमित घेतल्या की रोग पुरता बरा होतो. उशीर झाला तर गेलेली संवेदना परततेच असे नाही. तिची दोन बोटे अजून बधिरच आहेत. यंदा ती चुलीपाशी बसली, की सासू न बोलता सांडशी तिच्या हाताशी सरकवते.