अण्णांची निळी बॅग

अण्णांचं बालपण देवगडचं. मुंबईला यायचं ते बोटीनेच. मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं पडावातून तिच्यापर्यंत जाई. रात्र डेकवर वळकटी पसरून काढायची, सकाळी भाऊचा धक्का. पुढे बोटी बंद झाल्या, कोकण रेल्वे आली, पण अण्णांच्या बोलण्यातली बोट सुटली नाही. म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला मी आणि दादाने मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, अशी चार रात्रींची क्रूझ ठरवली. आई-अण्णा, दादा-वहिनी, मी, नवरा आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा, असे सात जण.

बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मोठ्या बॅगांना खोलीच्या नंबराचे टॅग लावून त्या तिथेच सोपवायच्या, दोन तासांत खोलीच्या दाराशी येतील, असं सांगितलं. अण्णांची निळी बॅग आईने भरली होती. त्यात त्यांचं इन्सुलिन, सुया आणि साखर मोजायचं यंत्र, थंड जेलच्या पिशवीत नीट गुंडाळून. जेलला पाणी सुटतं आणि हातातली पिशवी ओली होते, म्हणून आईने ते मोठ्या बॅगेत ठेवलं होतं. मला ते माहीत होतं. तेव्हाच काढून खांद्याच्या पिशवीत घालायला हवं होतं. मी घातलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

साडेचारला बचावाचा सराव झाला. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. अनेकांना हा कंटाळवाणा प्रकार वाटतो, पण तो का करतात हे माहीत असावं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ हे जहाज खडकावर आपटलं आणि कलंडलं. ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव झालाच पाहिजे. अण्णांनी जीवरक्षक जॅकेटचे बंद स्वतः बांधले, नातवाचेही बांधून दिले.

सात वाजले, सहा बॅगा आल्या होत्या, निळी नव्हती. अण्णांना गेली बावीस वर्षं मधुमेह आहे. सकाळी आणि रात्री, जेवणाआधी अर्धा तास, इन्सुलिन. दादा खाली चौकशीच्या खिडकीशी गेला. तिथे शे-दीडशे माणसांची रांग. "सामान येतंय, थोडं थांबा," एवढंच उत्तर. आठ वाजता पुन्हा तेच, नऊ वाजता पुन्हा तेच. तोवर किनारा मागे पडला होता आणि मोबाइलची रेंज गेली होती, म्हणजे आमच्या डॉक्टरांना फोनही करता येईना. अण्णा म्हणाले, "एक रात्र नाही घेतलं तर काय होतं?" त्यांना सतत पाणी हवं होतं, जीभ कोरडी पडून शब्द चिकटल्यासारखे येत होते. पावणेदहाला मी त्यांना जहाजाच्या दवाखान्यात नेलं. साखर ३६८.

तिथल्या तरुण डॉक्टरचे उपकार मी विसरणार नाही. अण्णांचं नेहमीचं मिश्र इन्सुलिन तिच्याकडे नव्हतं, साधं, लवकर उतरणारं होतं. तिने हिशेब करून कमी मात्रा दिली, दर तासाला साखर पाहिली आणि दोनदा स्वतः फोन लावून बॅगेची चौकशी केली. तिच्या फोनमुळेच बॅग सापडली. रात्री सव्वाबारा वाजता एका सुरक्षारक्षकाबरोबर दादा अगदी खालच्या मजल्यावरच्या खोलीत गेला. यंत्रांच्या धगीने तापलेली ती खोली, भिंतीला ओळीने लावलेल्या तीस-पस्तीस बॅगा, आणि त्यात आमची निळी. क्ष-किरण यंत्रात तिच्यात धारदार वस्तू दिसली होती.

तो आईचा अडकित्ता होता, पितळी मुठीचा, आजीकडून आलेला. पातं झिजून मधे किंचित खोलगट झालंय, मुठीवर दोन पोपट कोरलेत, त्यातल्या एकाची चोच हाताळून गुळगुळीत झालीय. आईला जेवणानंतर सुपारी लागते, तेवढ्यासाठी तो घेतलेला. मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत सुरी, कात्री, इस्त्री, किटली होती. अडकित्ता नव्हता. तरी तो अडवला यात माझी तक्रार नाही, धार ती धारच. तक्रार ही की साडेसात तास कुणी आम्हाला कळवलं नाही. विचारल्यावर सांगितलं, "खोलीत फोन केला होता, कुणी उचलला नाही." कधी केला होता? नोंदवहीत वेळ लिहिली होती, ४.४०. त्या वेळी त्यांच्याच हुकमावरून जहाजावरचा एकूणएक प्रवासी सरावाला उभा होता.

इन्सुलिनची पिशवी हाताला कोमट लागत होती. डॉक्टरने ती कुपी वापरू नका म्हटलं. पुढचे चारही दिवस दवाखान्याच्या इन्सुलिनवर गेले आणि त्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढत राहिलं.

दुसरा दिवस समुद्रातच. कमी दाबामुळे लाटा वाढल्या होत्या आणि जहाज अंग टाकून डुलत होतं. आईला बोट लागली ती अशी, की पाण्याचा घोटही टिकेना. आमची खोली वरच्या मजल्यावर, पार पुढच्या टोकाला. देखावा चांगला म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेली, आणि जहाज सगळ्यात जास्त हलतं ते तिथेच. झोका कमी लागतो तो खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर. खोली घेताना हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. वहिनीने आईला मधल्या डेकवर आणून बसवलं, क्षितिजाकडे बघत राहा म्हणाली, आल्याचा तुकडा दिला. दुपारपर्यंत आई लिंबूपाणी घेऊ लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती दिसलं. प्रवाळाच्या कडेआत पाणी फिकट हिरवं, कडेबाहेर गर्द निळं, मधे फेसाची पांढरी रेघ. मोठं जहाज आत जाऊ शकत नाही. बाहेर उभं राहतं आणि प्रवासी त्याच्या कुशीतल्या दारातून छोट्या बोटींत उतरतात. अण्णा सहा वाजल्यापासून अंघोळ करून तयार होते. "पडावच की हो," नातवाला सांगत होते. दोन बोटी आल्याही. पण दाराशी लागलेली बोट पुरुषभर वर उचलली जाई आणि तितकीच खाली जाई. पाऊण तास वाट पाहून कॅप्टनने जाहीर केलं की कुणालाही उतरवणार नाही.

लोक भडकले. पैसे परत द्या, कॅप्टनला बोलवा, असा आरडाओरडा झाला. माझा मुलगा रडायला लागला. अण्णा कठड्याला धरून बराच वेळ हिरव्या पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बरोबर केल्यान. दर्याचा काय सांगाक येना नाय." आणि त्यांनी नातवाला ‘रामदास’ची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७, अण्णांच्या जन्माच्या आदल्या वर्षी. मुंबईहून रेवसला निघालेली बोट, ऐन पावसाळा, आणि वाटेतच ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. त्यानंतर कितीतरी वर्षं अण्णांची आई कुणी बोटीत चढताना समुद्राला नारळ दिल्याशिवाय सोडत नसे. रागावलेले तीन-चार जण बाजूला उभे राहून ऐकत होते. त्यातला एकजण अण्णांसाठी खुर्ची घेऊन आला.

त्या कॅप्टनचा निर्णय मला तेव्हाही पटला, आजही पटतो. बेट न दिसल्याचं दुःख आहे, पण तो समुद्र होता, त्याच्याशी भांडण नाही. बॅगेचं तसं नाही. ती माणसांनी अडवली आणि माणसांनीच विसरली.

पाचव्या दिवशी मुंबईला उतरताना अडकित्ता पाकिटात घालून, सही घेऊन परत मिळाला. घरी आल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं: नोंदवहीतली वेळ, साखरेचे आकडे, बिल, सगळं. बेटावर उतरता न आल्याबद्दलची थोडी रक्कम दीड महिन्याने परत आली. बॅगेबद्दल दोनदा आठवण देऊनही उत्तर नाही. बंदरावर सामान तपासताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, "यात रोजचं औषध आहे का?", एवढीच माझी मागणी होती आणि ती अजून तशीच आहे.

तोवर तुम्ही आई-वडिलांना बोटीने नेणार असाल, तर इन्सुलिन, यंत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी आपल्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. पिशवी ओली झाली तर होऊ द्या.