दोन अर्धे तास

मुलं शाळेच्या बसमध्ये चढली, ओटा आवरला, की घर मोकळं होतं. मग लॅपटॉप उघडायचा, मोबाइलवर तीस मिनिटं लावायची आणि लिहायला बसायचं. अमेरिकेतल्या काही राज्यांत शिक्षक होण्याआधी प्रॅक्सिस कोअर ही परीक्षा द्यावी लागते: वाचन, लेखन आणि गणित. लेखनाच्या पेपरात पर्यायी प्रश्नांसोबत दोन निबंध असतात, प्रत्येकाला अर्धा तास. महाराष्ट्रात बी.एड. करून इथे आलेल्या, पुन्हा वर्गात उभं राहायची आस धरून बसलेल्या माझ्यासारखीची खरी कसोटी इथेच लागते.

शाळेत निबंधावर आम्ही जीव टाकला. पावसाळ्यातला एक दिवस, शेतकऱ्याचं मनोगत, आरसा नसता तर. त्या निबंधांनी भाषेची गोडी लावली, ते ऋण मोठं आहे. पण त्यांत माझं मत कुणी मागितलं नव्हतं. प्रॅक्सिसचा एक निबंध नेमकं तेच मागतो. समोर एक विधान असतं. ते तुम्हाला कितपत पटतं आणि का, ते सांगायचं.

परवा सरावाला मी विषय घेतला, वर्गात मोबाइलला पूर्ण बंदी हवी का? हात सवयीने फायदे-तोट्यांकडे वळला. मी थांबले, कागदावर चार मुद्दे टिपले आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, बंदी हवी, पण शाळेच्या वेळेपुरतीच. मग ‘पुरतीच’चं समर्थन करणं आलं. तेव्हा साताऱ्याकडची माझी एक विद्यार्थिनी आठवली. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. रात्री कुठल्यातरी ढाब्यावरून फोन करून ते तिचे पाढे म्हणून घ्यायचे. तिच्यामुळे माझ्या मताला बळ आलं. अनुभवाचा आधार मिळाला, की मत नुसतं मत राहत नाही.

दुसऱ्या निबंधाची रीत अगदी उलटी. एकाच प्रश्नावर दोन लेखकांचे दोन उतारे देतात, बहुधा परस्परविरोधी. इथे आपलं मत बाजूला ठेवायचं. कोण काय म्हणतो, दोघांचं कुठे अडतं, ते मांडायचं आणि कुठला विचार कुणाचा हे त्याच्या नावासकट सांगायचं. मला हा निबंध जास्त जड जातो. जो लेखक पटत नाही, त्याचं म्हणणं लिहिताना लेखणी आखडते. त्याचा मुद्दा नकळत लहान होतो. म्हणून लिहून झाल्यावर मी स्वतःला विचारते, हे वाचून तो ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणेल का? नाही म्हणणार असेल, तर पुन्हा लिहिते. शेवटची तीन मिनिटं शुद्धलेखनासाठी राखते, कारण चूक दाखवणारी लाल रेघ परीक्षेत नसते.

निबंध आणि मास्तरकी यांचं नातं मराठीला नवं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ 1874 साली सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे नोकरी सोडली आणि 1880 च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. स्वतःचं मत ठणकावून सांगणारा माणूस आणि मुलांपुढे उभा राहणारा माणूस एकच असू शकतो, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

म्हणून हे दोन अर्धे तास मला केवळ पास होण्यापुरते वाटत नाहीत. उद्या वर्गात एखादं मूल विचारेल, “तुम्हाला काय वाटतं?” तेव्हा कारणांसकट उत्तर देता आलं पाहिजे. आणि मागच्या बाकावरचं दुसरं मूल चाचरत म्हणेल, “मला नाही तसं वाटत,” तेव्हा त्याला जे धड सांगता येत नाही, ते त्याच्याच बाजूने नीट मांडून दाखवता आलं पाहिजे.