पाचगणीच्या पोराचा फड

आष्टा, ता. वाळवा
नोव्हेंबर अखेर

चि. भाचेबुवांस,


ताईकडून तुझा निरोप पोचला. तुम्ही मित्रमंडळी गाडी काढून पाचगणीला निघालाय, सेंट पीटर्स शाळेसमोर फ्रेडी मर्क्युरीच्या नावानं फोटो काढणार आहात, तर तिथं बघण्यासारखं काय आहे ते मामाला विचार, असं तू म्हणालास म्हणे. बघण्यासारखं काही नाही. पसरणीचा घाट छान आहे, वर थंडी पडलेली असेल, स्ट्रॉबेरी अजून खिशाला परवडणार नाही. शाळा म्हणशील तर ती चालू शाळा आहे, पोरं तिथं राहतात, शिकतात. कुणी कधीकाळी तिथं शिकला म्हणून भिंतीतून गाणी ऐकू येत नाहीत.

ऐकण्यासारखं मात्र भरपूर आहे, आणि त्यासाठी घाट चढायची गरज नाही. म्हणून हे पत्र. फोनवर बोललो असतो, पण तू दोन मिनिटांत 'हो मामा, हो मामा' करून ठेवून देतोस.

पाचगणीचं जेवढं देणं आहे तेवढं आधी देऊन टाकतो. फारोख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. घर पारशी, वडील तिथल्या कोर्टात कॅशियर. आठ वर्षांचं पोर बोटीत घालून इकडं पाठवलं आणि सेंट पीटर्सच्या बोर्डिंगात ठेवलं. सुट्टीत मुंबईला मावशी-आत्याकडं. मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं की पोराच्या हातात सूर आहे, त्यांनी घरी कळवलं आणि पियानोची शिकवणी सुरू झाली. फ्रेडी हे नाव त्याला शाळेतच पडलं. तिथंच चार मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून तो शाळेच्या कार्यक्रमांत लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्डची गाणी बडवायचा. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला तेव्हा हा गडी आपल्या सातारा जिल्ह्यात पियानोवर बसलेला होता. पुढं झांझिबारला परत, मग १९६४ च्या क्रांतीत घरदार सोडून सगळे लंडनजवळ फेल्टमला. मोठेपणी तो या दिवसांबद्दल फारसं बोलला नाही. तेव्हा 'आपला माणूस' म्हणून छाती फुगवायची तर बेतानं फुगवावी.

आता खरी गोष्ट. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'. फ्रेडीच्या 'क्वीन' या बँडचा चौथा अल्बम, नोव्हेंबर १९७५ मध्ये इंग्लंडात निघाला. मी तो कॉलेजच्या होस्टेलवर ऐकला, कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेटवर. तेव्हापासून अनेक अल्बम आले आणि गेले, हा गेला नाही.

नाव ऐकलं की सांगलीकडचा माणूस लगेच म्हणतो, ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक. मलाही तसं सांगणारे भेटले. आपल्याकडं ते साहजिक आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, देवल आणि खाडिलकर इथले, बालगंधर्वांचं नागठाणे इथून हाकेच्या अंतरावर. पण माझं मत वेगळं आहे. हा अल्बम संगीत नाटक नाही, तमाशा आहे. मुळात हे नाव ऑपेरावरून घेतलेलंच नाही. १९३५ साली मार्क्स बंधूंचा त्या नावाचा विनोदी सिनेमा आला होता, त्यात ऑपेराची यथेच्छ टवाळी आहे. नाव तिथून उचललेलं. म्हणजे पाटी ऑपेराची आणि आत बतावणी.

पठ्ठे बापूराव आपल्या तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे. त्यामुळं तुला गण, गवळण, बतावणी, वग हे समजावून सांगायला नको. फडात एकाच रात्री देवाची स्तुती होते, कृष्णाची खोडी होते, अचकट विनोद होतो, लावणी होते आणि शेवटी राजा-प्रधानाचा वग लागतो. हे सगळं एकमेकांशी कसं जुळतं, असं कनातीत बसलेला एकही माणूस विचारत नाही. या अल्बमबद्दल मात्र तोच प्रश्न विचारणारे पुष्कळ. एक गाणं दणदणीत रॉक, दुसरं जुन्या नाटकगृहातलं गमतीचं, तिसरं लोकगीतासारखं, चौथं वीणेवरचं विरहगीत. हे काय कडबोळं आहे, म्हणतात. यात्रेत रात्र जागवलेल्याला हा प्रश्न पडत नाही.

फक्त सुरुवातीला गणाऐवजी शिव्या आहेत. पहिलं गाणं 'डेथ ऑन टू लेग्ज', आधीच्या मॅनेजरला उद्देशून. गाणी गाजत होती, दौरे चालले होते आणि पोरांच्या हातात पैसा नव्हता. फडातल्या कलावंताला आणि उसाच्या टोळीला हे दुखणं ओळखीचं आहे. गाण्यात त्या माणसाचं नाव कुठं नाही, तरी त्याला बरोबर लागलं.

ते संपतं न संपतं तोच 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून'. जेमतेम मिनिटभराचं. यातला आवाज जुन्या कर्ण्यातून आल्यासारखा का वाटतो ठाऊक आहे? फ्रेडीचं गाणं हेडफोनमधून वाजवलं, तो हेडफोन पत्र्याच्या बादलीत ठेवला आणि बादलीसमोर माइक धरला. पुढं 'सीसाइड राँदेव्हू'त जी वाद्यं ऐकू येतात, सनई-कर्ण्याच्या जातीची, ती वाद्यं नाहीतच. फ्रेडी आणि ड्रमवाला रॉजर टेलर तोंडानं काढतायत. मधे नाचाच्या टापा येतात, त्या बोटांत शिवणाची टोपणं घालून टेबलावर वाजवलेल्या. 'गुड कंपनी'त अख्खा जॅझ बँड वाजतो, तो सगळा ब्रायन मेच्या एका गिटारवर. ती गिटारही त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. कव्हरवर त्यांनी ठणकावून छापलं होतं की सिंथेसायझर वापरलेला नाही. सोंगाड्या जसा एका उपरण्यावर पाटील होतो, शास्त्री होतो आणि मावशीही होतो, तशीच ही रीत. आणि खर्च? त्या काळचा सर्वांत महागडा रॉक अल्बम म्हणून त्याची ख्याती झाली. गंमत करायला इतका पैसा आणि इतकी मेहनत लागते, हे मला पटतं.

'थर्टी नाइन' तू मन लावून ऐक, तू भौतिकशास्त्रवाला. ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी, अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्यानं २००७ मध्ये पुरी केली. गाणं वाटतं खलाशांचं, आहे अंतराळयात्रींचं. प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाऊन आलेल्यांचं वय वर्षभरानं वाढतं आणि इकडं पृथ्वीवर पिढ्या उलटून गेलेल्या असतात. समीकरण तू सोडवशील. मला ते ऐकताना विट्या-आटपाडीकडचे गलाईवाले आठवतात. आयुष्य परमुलखात सोनं-चांदी गाळण्यात जातं आणि जत्रेला गावी आले की पारावरची निम्मी तोंडं नवी.

'प्रॉफेट्स साँग' आठ मिनिटांवर आहे, मध्ये फ्रेडीचा एकच आवाज स्वतःच्याच मागून पुन्हा पुन्हा येत राहतो. इथं कंटाळा आला तर येऊ दे, मलाही अधूनमधून येतो. पण उडी मारून पुढं जाऊ नकोस, कारण त्याच्या पोटातूनच 'लव्ह ऑफ माय लाइफ' निघतं. त्यातली वीणा, म्हणजे त्यांचं हार्प, मेनंच वाजवलंय. हात सराईत नव्हता, तुकड्यातुकड्यांनी वाजवून जोडलं.

आणि मग वग. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, ध्रुवपद नाही. खून केलेलं पोर, त्याची आई, मग अचानक भलताच दरबार भरतो आणि त्याच्या सुटकेवरून ओढाताण सुरू होते. गॅलिलिओ येतो, बिस्मिल्ला येतं. झांझिबारच्या गल्लीत वाढलेल्याला तो शब्द परका नव्हता. दरबारात शेकडो माणसं ओरडतायत असं वाटतं. गाणारे तीन. वरचा चिरका सूर रॉजरचा, खालचा मेचा, मधला फ्रेडीचा. टेपवर २४ आवाजांची जागा. ती भरली की सगळं एकत्र करून एक-दोन जागांवर उतरवायचं आणि मोकळ्या जागेत पुन्हा गायचं. असे १८० थर चढले म्हणतात. टेप मशीनवरून इतक्या वेळा गेली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसायला लागलं.

हा भाग एकदा आप्पांनी ऐकला होता. तुझे आजोबा नाट्यगीतांचे पक्के, इंग्रजी गाण्याला 'आरडाओरडा' याखेरीज शब्द नाही. मी स्पीकरवर लावलं होतं, ते दारात उभे राहिले. सगळं संपेपर्यंत हलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "तालीम चांगली झालीय." आणि गेले मोटार चालू करायला, लाइट आली होती.

इतक्या लांब गाण्याला रेडिओवर कोण वेळ देणार, असं रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. केनी एव्हरेट नावाच्या लंडनच्या निवेदकानं शनिवार-रविवारात ते चौदा वेळा वाजवलं. पुढं नऊ आठवडे इंग्लंडात पहिल्या नंबरावर. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला, तेव्हा ते पुन्हा पहिल्या नंबरावर आलं.

वगानंतर भरतवाक्य हवं, तेही आहे. मेच्या गिटारवर इंग्लंडचं राष्ट्रगीत. त्यांच्याकडं खेळ संपल्यावर ते वाजवायची जुनी चाल होती. ही टिंगल की आदर, ते मला आजवर कळलेलं नाही.

फ्रेडीवरचा २०१८ चा सिनेमा तू पाहिलायस, मला ठाऊक आहे. त्यात मिशा आहेत, भांडणं आहेत, शेवटचा स्टेडियमचा कार्यक्रम झकास आहे. पण बादली, टोपणं आणि झिजलेली टेप हे कानांनीच सापडतं. माझी विनंती एवढीच. जायच्या आदल्या रात्री पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं ऐक, शफल बंद करून, हेडफोन लावून. एकूण त्रेचाळीस मिनिटं लागतात. मला इथं रात्री हेडफोनशिवाय जमतच नाही. कारखाना सुरू झालाय, सांगली रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर पहाटेपर्यंत मोठ्यानं गाणी लावून जातात.

आणि ऐकून झालं की मला 'स्वीट लेडी'बद्दल लिही. अख्ख्या अल्बममध्ये ते एकच गाणं मला भरतीचं वाटतं. तुला त्यात काही सापडलं तर सांग, मी पुन्हा ऐकेन.

ताईला आणि दाजींना नमस्कार. घाटात गाडी सावकाश.

तुझा,
मामा