घट्ट वीण

‘कथेची वीण घट्ट आहे’ हा शब्दप्रयोग मराठीच्या वर्गात आणि मराठी समीक्षेत आपण सगळेच सढळ हाताने वापरतो. सांगोल्यात मराठी शिकवताना मीही तो इतक्यांदा वापरला आहे की प्रत्यक्ष विणण्याचा अनुभव आपल्या गाठी नाही, याची कधी खंत वाटली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात तो अनुभव आला आणि त्या शब्दप्रयोगावरचा माझा विश्वास डळमळला. त्याची ही हकिकत.

निमित्त वडिलांचे झाले. मोठ्या आजारातून उठून अण्णा घरी आले, पण दिवाणावरच्या गादीवर त्यांना झोप लागेना. ‘माझी बाज काढा’ एवढेच त्यांचे मागणे होते. बाभळीचा सांगाडा अडगळीत शाबूत होता. दोरी मात्र उंदरांनी केव्हाच संपवली होती. आठवडी बाजारात कासरे-दाव्यांच्या ओळीत नायलॉनच नायलॉन होते. एका कोपऱ्यात घायपाताची दोरी घेऊन बसलेले तात्या भेटले. ‘येऊ का दावाया?’ असे त्यांनी विचारले होते. लहानपणी शंभरदा पाहिलेले काम, त्यात दाखवायचे काय, अशा भ्रमात मी नको म्हणालो.

बाजेची रचना दिसते तेवढी सरळ नाही. चार खुरांत लांबीचे दोन आणि रुंदीचे दोन दांडे बसवलेले असतात. पायथ्याच्या दांड्यापासून हातभर अंतर सोडून एक जाड दोर आडवा बांधायचा. मुख्य विणकाम उशापासून या दोरापर्यंतच येते. दोन पदर वर, दोन पदर खाली, अशी ती दोरी कोपऱ्याकडून तिरपी ओवत न्यायची. उरलेल्या हातभर जागेत आडवा दोर आणि पायथ्याचा दांडा यांच्यामध्ये ताणाची दोरी नागमोडी भरायची. मी तीन दिवस खपलो. प्रत्येक पदर गुडघा दांड्याला रोवून ओढला. बोटांची सालटे निघाली, पण टिचकी मारली की विणीतून हलगीसारखा आवाज निघे. याहून घट्ट वीण ती कोणती?

अण्णा एक रात्र झोपले आणि सकाळी म्हणाले, ‘आरं, बाज इणलीस का फळी ठोकलीस?’

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या बहिणीशी बोलताना भाचा पडद्यावर आला. तो मेरीलँडमध्ये शाळेच्या संघातून लॅक्रॉस खेळतो आणि गोल राखतो. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा हा प्राचीन खेळ; हौडेनोसौनी लोक आजही तो पवित्र मानतात. हिकरीचे लाकूड वाकवून त्यात चामड्याच्या वाद्यांची जाळी विणायची, अशी त्याच्या काठीची मूळ घडण. १९७०पासून प्लॅस्टिकची तोंडे आली, तरी जाळी हाताने ओवण्याची परंपरा टिकून आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे. भाच्याच्या हातात काठीचे भलेमोठे तोंड होते, कडेला भोकेच भोके, आणि तो एकेका भोकातून दोरी घेऊन जाळी बांधत होता. गोलरक्षकाचे तोंड दहा ते बारा इंच रुंद असते, इतरांचे त्याहून बरेच लहान.

मी माझी फजिती सांगितली तेव्हा तो हसला. ‘मामा, माझंही पहिल्यांदा तेच झालं. घट्ट बांधली, आणि चेंडू जाळीवर आपटून पुन्हा समोरच्याच्या पुढ्यात.’ चेंडू भरीव रबराचा, सुमारे १४५ ग्रॅम वजनाचा. तो वेगाने येतो, तेव्हा जाळीने त्याला अडवून भागत नाही. त्याचा वेग पोटात घ्यावा लागतो. म्हणून गोलरक्षकाची जाळी खोल आणि मऊ ठेवतात. मात्र कडेच्या गाठी पक्क्या हव्यात, नाहीतर खोली भलत्याच ठिकाणी सरकते आणि चेंडू परत फेकताना दिशा चुकते.

फोन ठेवल्यावर मी तात्यांना शोधत गेलो.

त्यांनी येऊन बाजेवर नुसती बोटे फिरवली आणि सगळे उसवायला सांगितले. ‘मास्तर, इणताना वढायचं न्हाई. इण सैलच धरायची. ताण पायथ्याला असतू.’ मग उमगले, की घट्टपणा आणि ताण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वीण अंगाला जागा देते. ताण तिला खाली लोंबू देत नाही. दोरी वापराने सैलावते, तेव्हा कुणी सबंध बाज उसवत नाही. पायथ्याची तेवढी दोरी पुन्हा ओढायची असते.

मला एकदम ‘बनगरवाडी’ आठवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ची कादंबरी आमच्याच माणदेशातली. अनेक वर्षे मी वर्गात सांगत आलो, की तिची वीण सैल आहे, प्रसंग सुटे-सुटे आहेत. ते दोष म्हणूनच सांगत होतो. पण मास्तर येतो, शाळा भरते, तालीम उभी राहते, माणसे भेटतात, निघून जातात, या सैल विणीतच वाडी मावते. आणि शेवटी दुष्काळ येतो, वाडी ओस पडते, तेव्हा मागचा प्रत्येक पदर ताणला जातो. तो ताण पायथ्याला आहे. मी तो विणीत शोधत होतो.

काम चालू असताना तात्या दोरीबद्दल बोलत होते. बांधावरचा घायपात कापायचा, पाने पाण्यात कुजवायची, बडवून धुवायची, मग वाख सुटतो. त्याच्या रसाने हाताला खाज सुटते. वाळलेला वाख वळून पीळ द्यायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांचा तपशील आहे. गावाला दोर पुरवणे हे मातंगांचे काम होते. तात्या त्याच समाजाचे. विणीवर इतके बोलणाऱ्या मला पीळ कुणी दिला, हा प्रश्न कधी पडला नव्हता. तीन तास ते जमिनीवर बसूनच विणत होते, हेही माझ्या उशिरा लक्षात आले. आमच्या घरची रीतच ती होती: ज्याच्या दोरीवर आम्ही निजायचो, त्याने बाजेवर बसायचे नाही. ती रीत पाळणाऱ्यांत अण्णाही होते.

शेवटची गाठ मारून तात्या उठले. अण्णा खुर्चीवरून म्हणाले, ‘बसून बघ की.’

‘नगं, आण्णा. तुमीच बसा.’

‘बसल्याबिगर ताण कसा कळंल? दोरी तुजी हाय.’

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, हात धोतराला पुसले आणि बाजेच्या मधोमध बसले. दोरी कुरकुरली, जरा खाली गेली आणि थांबली. थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही.

‘अजून एक येढा वढावा लागंल,’ तात्या म्हणाले.