गाडीच्या पोटातला वारा

मोटारीचे पाणी उकळले म्हणजे पाणी कमी पडले असणार, असा सर्वसाधारण समज आहे, आणि बहुधा तो खराही असतो. परंतु रेडिएटर काठोकाठ भरलेला, पंप फिरतो आहे, पंखा वारा घालतो आहे, आणि तरीही इंजिन तापते, अशा वेळी भलेभले जाणकार गोंधळात पडतात. वकिलीच्या धंद्यात आम्ही वीस वर्षे बेकायदेशीर ताबेदारांविरुद्ध दावे चालवीत आलो आहो. पण इंजिनाच्या पोटात ठाण मांडून बसलेल्या हवेस तेथून बाहेर काढण्याचे काम आमच्याकडे आले ते गेल्या मार्गशीर्षात.

आमच्या वडिलांची १९६८ सालची अँबॅसडर आहे. मार्क टू, १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन. वडीलही बेळगावास वकिली करीत, आणि खानापूर, बैलहोंगल, गोकाक येथील कोर्टांच्या तारखा त्यांनी याच गाडीने केल्या. २०२१ च्या नियमांनुसार पन्नाशी उलटलेल्या गाड्यांस 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंद मिळू शकते. मात्र तशी नोंद घेतली की गाडी नेहमीच्या वापरास काढता येत नाही. आम्ही ती घेतली नाही. दर पाच वर्षांनी तपासणीस उभे राहून नोंदणी वाढवून घ्यावी आणि गाडी रस्त्यावर ठेवावी, हे आम्हांस अधिक रुचते. पुण्याचे आमचे धाकटे बंधू यास वेडेपणा म्हणतात. गाडी सामायिक मालमत्तेपैकी असल्याने त्यांच्या मतास वजनही आहे.

त्यातच आत्याने कवळ्यास जाण्याचे काढले. ती गोव्यात दिलेली. काका गेल्यापासून आमच्याकडे असते. वय शहाऐंशी. शांतादुर्गेचे दर्शन एकदा घ्यायचे, आणि तेही दादाच्या गाडीतून, असा तिचा आग्रह. मराठीत बोलता बोलता मध्येच ती कोंकणीत शिरते. रोज सकाळी चहाच्या वेळी एकच प्रश्न : "गाडी पावतली न्हय रे?"

प्रवासापूर्वी रेडिएटर धुऊन घ्यावा म्हणून गाडी एका नव्या धाटणीच्या वर्कशॉपात दिली होती. परत आली ती तापतच. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, पंप बदलला, आणि शेवटी हेडचे गास्केट गेले आहे, इंजिन उघडावे लागेल, असा निकाल दिला. इतका खर्च या वयाच्या गाडीवर करण्यापेक्षा ती मोडीत घाला, असा न मागितलेला सल्लाही दिला. बंधूंच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

वडिलांच्या वेळचे मिस्त्री आता दुकानात बसत नाहीत, त्यांचा नातू बसतो. आम्ही त्यांस घरी आणले. त्यांनी गाडी सुरू करवली, वरच्या रबरी नळीवर हात ठेवला, मग खालच्या नळीवर ठेवला, काट्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काय नाही ओ वकीलसाहेब. पोटात वारं धरलंय."

हा वारा कसा धरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनातील पाणी पंपाच्या पात्यांनी भिरकावले जाऊन फिरते. हवा पाण्याहून शेकडो पटींनी हलकी. तिला पाती भिरकावू शकत नाहीत. हवेचा गोळा पंपाशी आला तर पंप नुसता फिरत राहतो. हवा वर चढते, म्हणजे हेडच्या सर्वांत उंच कोपऱ्यात, थर्मोस्टॅटच्या खाली, जाऊन बसते. नेमके तेथेच लोखंड सर्वाधिक तापलेले असते. पाण्याच्या मानाने हवेची उष्णता वाहून नेण्याची शक्ती सुमारे पंचविसावा हिस्सा, आणि तेवढ्याच घनफळात पाणी जितकी उष्णता सामावून घेते तिचा तीन हजारावा हिस्साही हवा घेत नाही. थर्मोस्टॅट पाण्यात बुडाला असेल तरच त्यास उष्णता नीट कळते आणि ८० अंश सेल्सियसच्या आसपास तो वाट मोकळी करतो. हवेत लोंबकळत असेल तर तो उशिरा उघडतो. तोवर आत पाण्याची वाफ होते, आणि वाफेने तो गोळा अधिकच मोठा होतो.

तापमानाच्या काट्याचीही तीच गत. त्याचे टोक पाण्यात नसेल तर इंजिन भाजत असता काटा निवांत असतो आणि मग एकदम उडी मारतो. ऐकीव पुरावा ग्राह्य धरू नये, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यातही आहे. त्या काट्यास साक्षीदार म्हणून उभे केले असते तर आम्ही दोन प्रश्नांत बसवला असता.

साखळीकडे आमच्या मामांचे कुळागर आहे. तेथे झरीचे पाणी नळीने पोफळींस आणतात. नळी एखाद्या दगडावरून उंच गेली की त्या उंचवट्यात हवा अडकते आणि पाणी थांबते. गडी नळी हलवतो, उंचवट्याशी जोड सैल करतो, फुसकन आवाज होतो आणि पाणी चालू लागते. मोटारीच्या बाबतीतही तत्त्व हेच, फक्त उंचवटा दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असता, मिस्त्रींनी काम मांडले. आमच्या गल्लीच्या चढावर गाडी तोंड वर करून उभी केली आणि मागच्या चाकांस दगड लावले. रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच यावे, म्हणजे हवेस जायला वाट राहते. वर्कशॉपात फरशीच्या उतारावर गाडी तोंड खाली करून घाईने भरली असावी, असा त्यांचा तर्क होता. थर्मोस्टॅटचे झाकण खोलून त्यांनी थर्मोस्टॅट बाहेर काढला, त्याच्या कडेस बारीक भोक पाडले, आणि त्या मोकळ्या तोंडातून हेडमध्ये तांब्याने पाणी ओतू लागले. थोडे ओतावे, थांबावे, बुडबुडे येऊ द्यावेत, पुन्हा ओतावे. आम्ही विचारले, इतके सावकाश का? ते म्हणाले, "बाळाला दूध पाजून खांद्यावर घेतात का नाही? ढेकर येईस्तवर थांबायचं."

मग भोक वरच्या बाजूस येईल असा थर्मोस्टॅट बसवला, कागदी गास्केट नवे घातले, आणि रेडिएटर भरून, टोपण न लावता, इंजिन मंद चालू ठेवले. वरची नळी फडक्यात धरून ते हलके हलके दाबीत होते. प्रत्येक दाबास दोनचार बुडबुडे. पाणी खाली जाई, ते कोमट पाणी घालीत. तापल्या इंजिनात गार पाणी घातले तर बीड तडकते. सुमारे वीस मिनिटांनी ती नळी एकाएकी गरम झाली, रेडिएटरच्या तोंडातून भलामोठा ढेकर आला, पाणी उसळले आणि लगेच वीतभर खाली गेले. मिस्त्रींनी तांब्याभर पाणी घातले. नंतर बुडबुडे विरळ होत गेले आणि थांबले.

त्या थांबण्यावरच त्यांचे लक्ष होते. गास्केट खरोखर फुटले असते तर सिलिंडरमधील वायू पाण्यात सतत येत राहिला असता, इंजिनास जोर दिला की बुडबुडे वाढले असते. त्यांनी जोर देऊन पाहिले. पाणी स्वच्छ आणि शांत राहिले. तेलाची काडी काढून पाहिली. तेल दुधट झालेले नव्हते. मगच टोपण लावले.

या टोपणाचे महत्त्व आमच्याकडे विशेष. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंच. येथे उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९७ अंशांवरच उकळते. सात पौंड दाबाच्या टोपणाखाली तेच पाणी ११० अंशांच्या जवळपास तग धरते. गरम असता ते उघडणे म्हणजे तोंड भाजून घेणे, हे सर्वांस ठाऊक असूनही दर उन्हाळ्यात कोणीतरी उघडतेच.

कवळ्याची वारी झाली. चोर्ल्याच्या घाटात जाताना उतार, त्यात परीक्षा नाही. परीक्षा परतीच्या चढात. दुसऱ्या गिअरमध्ये, भर दुपारी, पुढे लाकडांचा ट्रक. आमचे डोळे काट्यावर, आणि मागच्या बाकावर आत्या प्रसादाची पुडी मांडीवर घेऊन झोपलेली. काटा मध्यावर राहिला. घाटमाथ्यावर थांबलो तेव्हा ती जागी झाली आणि गाडीला पाणी दाखव म्हणाली. टोपण उघडले नाही. दुसऱ्या दिवशी थंड असता पाहिले, तेव्हा अर्धे फुलपात्र पाणी घालावे लागले. उरलासुरला वारा घाटात निघून गेला होता. बंधूंस ही हकीगत कळविली आहे. त्यांचे उत्तर अद्याप नाही. पण विक्रीच्या कागदावर आम्ही सही केलेली नाही, आणि आत्याने शिरगावच्या जत्रेची तारीख विचारून ठेवली आहे.