निळी गंजी

आमच्या आदिलाबादच्या कचेरीत, आमच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, एक चित्र टांगलेले आहे. "वकीलसाहेब, इथे कडब्याची गंजी कशाला?" असे पक्षकार हसून विचारतात. गंज्या खऱ्याच, पण त्या गव्हाच्या, आणि फ्रान्समधल्या. क्लॉद मोने याने १८९०-९१ साली जिव्हेर्नी येथे आपल्या घराजवळच्या शेतातील गंज्यांची सुमारे पंचवीस तैलचित्रे रंगविली. ऊन सरकले, रंग पालटला, की हातातले चित्र बाजूस ठेवून तो दुसरे घेई. त्या मालिकेतील उन्हाळ्याच्या अखेरीच्या चित्राची ही प्रतिकृती. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

हे चित्र आम्ही हौसेने लावलेले नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी पैनगंगेकाठच्या एका गावातील गंजीच्या मालकीचा दावा आमच्याकडे होता. विरुद्ध पक्षाचा साक्षीदार एक वृद्ध शेतकरी. गंजी पहाटे पाहिली तेव्हा निळी होती, दिवस मावळताना तांबडी होती, असे त्याने सांगितले. आम्ही उलटतपासास उभे राहिलो. "गंजी एक आणि रंग दोन? बाबा, निळा कडबा कोणत्या रानात पिकतो?" न्यायालयात हशा पिकला. म्हातारा मान खाली घालून एवढेच म्हणाला, "तवा तशीच दिसली, साहेब." दावा आम्ही जिंकला.

पुढे हे चित्र पाहण्यात आले. गंजीची सावलीकडची बाजू निळी-जांभळी! त्या वैशाखात आम्ही मुद्दाम पहाटे शिवारात गेलो. रब्बी ज्वारीच्या कडब्याची गंजी समोर उभी होती. आणि ती निळी होती.

१८७४ साली मोने व त्याचे सहकारी यांनी पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन भरविले, तेव्हा लुई लरॉय या टीकाकाराने मोनेच्या एका चित्राच्या नावावरून त्या सर्वांना उपहासाने 'इंप्रेशनिस्ट' म्हटले. आपल्याकडे त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणतात. डोळ्यांना दिसले तेवढेच सांगणारा हा साक्षीदारच. आणि आम्ही त्या टीकाकाराच्या पंक्तीतले.

वस्तुतः हे आम्हांस देवळातच कळावयास हवे होते. काकडआरतीच्या उजेडात दिसणारी मूर्ती आणि मध्यान्हीच्या नैवेद्याच्या वेळी दिसणारी मूर्ती एकच; म्हणून कोणा भक्ताचे दर्शन खोटे ठरते काय?

तो म्हातारा आता हयात नाही. क्षमा मागावयाची राहूनच गेली. हल्ली साक्षीदारास रंग विचारण्याआधी आम्ही वेळ विचारतो.