आईची यादी आणि अडलेलं दार

तुमच्या मोबाइलवर ‘अपडेट करा’ अशी सूचना आली की तुम्ही काय करता? मी फारसा विचार न करता ‘हो’ म्हणते. त्या शनिवारी रात्री घरच्या कॉम्प्युटरवरही तेच केलं आणि पुढचे तीन तास घाम पुसत बसले.

आम्ही भिलाईचे. इथे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि नोकरीसाठी देशभरातून माणसं येत गेली. त्यांत आमच्यासारखी मराठी घरंही होती. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आईने घरातल्या एका खोलीत मराठी पुस्तकांचं छोटं वाचनालय सुरू केलं. दर रविवारी सकाळी दहा-बारा जण पुस्तकं बदलायला येतात.

पुस्तकांची यादी आईने स्वतः टाइप केली होती. प्रत्येक पुस्तकापुढे तिचा शेरा असायचा. ‘पान ४७ फाटलं होतं, चिकटवलं.’ ‘हे परत यायला नेहमी उशीर होतो!’ आई गेली त्याला आता वर्ष होईल. पेन ड्राइव्हवर यादीची एक प्रत होती, पण ती आईच्या शेवटच्या चार महिन्यांआधीची. त्या चार महिन्यांतले शेरे फक्त या कॉम्प्युटरवरच होते.

कॉम्प्युटरवर लिनक्स आहे आणि यादी मारियाडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये आहे. अपडेट झालं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण डेटाबेस काही सुरू होईना. पडद्यावर एकच उत्तर : एरर १३, परवानगी नाकारली.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो. फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची हेही ठरलेलं असतं. मी घाबरले आणि अनेक जण करतात तेच केलं. यादीच्या फोल्डरला ‘७७७’ परवानगी देऊन टाकली. म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं हे तिन्ही हक्क मालकाला, गटाला आणि बाकी सगळ्यांनाही! सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर त्याच फोल्डरमध्ये आहेत, हेसुद्धा मी त्या क्षणी विसरले.

तरीही एरर तीच.

बाबा चहा घेऊन आले. त्यांना लिनक्समधलं काही कळत नाही. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “अगं, गेटवर माझा पास चालला नाही, तर मी घरी येऊन कपाट उघडं टाकायचो का? गेटवरच विचारायचो ना, का अडवलं म्हणून.”

मी चहा ठेवला. आधी यादीचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं. हे खरं तर अपडेटच्या आधीच करायला हवं होतं. मग शांतपणे लॉग वाचला. फोल्डरचा मालक बरोबर होता, परवानगी तर नको तितकी होती. म्हणजे अडवणारा दुसराच कोणीतरी होता.

तो निघाला सिस्टीमडी, लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम. मारियाडीबीसाठी त्याचा एक नियम असतो, प्रोटेक्टहोम. या नियमामुळे डेटाबेसला ‘होम’ फोल्डरमध्ये डोकावताच येत नाही, मग आतल्या फाइलींची परवानगी काहीही असो. मुख्य डिस्कवर जागा कमी होती, म्हणून मी यादी ‘होम’मध्ये ठेवली होती. तेव्हा हा नियम मीच बंद केला होता, पण थेट पॅकेजच्या मूळ फाइलमध्ये खाडाखोड करून. अपडेटने जुन्या फाइलच्या जागी नवी कोरी फाइल आणली आणि माझी खाडाखोड पुसली गेली. चूक अपडेटची नव्हतीच, माझी होती.

आपला बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा असतो. त्यासाठी ‘सिस्टीमसीटीएल एडिट मारियाडीबी’ ही आज्ञा आहे. तिथे लिहिलेलं अपडेटनंतरही टिकतं. मी तसं केलं. ७७७ काढून टाकलं, फोल्डरला ७०० आणि फाइलींना ६६० अशी परवानगी दिली. डेटाबेस सुरू केला. रात्रीचे साडेबारा वाजले होते.

यादी उघडली. मी शेवटच्या नोंदीपर्यंत गेले. आईचा शेरा होता : ‘बाइंडिंग सैल झालंय. पुढच्या महिन्यात करून घेणे.’

बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कपाटातून ते पुस्तक काढून ठेवलं.

तुम्हीही अपडेट जरूर करा, ते सुरक्षेसाठी लागतंच. फक्त त्याआधी जे पुन्हा मिळणार नाही, त्याची एक प्रत काढून ठेवा. आणि काही अडलंच, तर सगळी कुलपं काढण्याआधी कोणत्या दाराशी अडलंय तेवढं बघा.

ते पुस्तक बाइंडिंग होऊन आलं आहे. शेऱ्यात मी ‘झालं’ असं लिहिलं, पण आईचं वाक्य पुसलं नाही.